तिसऱ्या खंडावरचा केस

१

सकाळी आल्यावर मी आधी हीटर लावते, मग कॉफी, मग सूक्ष्मदर्शकाचा दिवा. संग्रहालयाच्या तळघरात खिडकी नाही, त्यामुळे बाहेर मिझुरीतला उन्हाळा आहे की बर्फ, हे माझ्या बुटांवरूनच कळतं. वरच्या मजल्यावर मॅमथचा सांगाडा आहे, शाळेच्या सहली येतात, आइस्क्रीम मिळतं. खाली मी आणि कपाटं. कपाटांत काचपट्ट्या, आणि प्रत्येक काचपट्टीवर एक स्प्रिंगटेल.

हे मातीतले किडे. पोटाखाली एक चिमटा दुमडून ठेवतात आणि संकट आलं की त्याच्या झटक्याने उडतात. गुहेतले आंधळे, पांढरे, तांदळाच्या कणीहून लहान. त्यांची जात ओळखायची कशी, तर अंगावरच्या केसांवरून. अंग वळ्यावळ्यांचं असतं, एकेक वळी म्हणजे एक खंड. कुठल्या खंडावर किती केस, कुठे उभे, कुठे आडवे. मारून, आम्लात पारदर्शक करून, काचेखाली सपाट निजवायचा आणि केस न् केस कागदावर उतरवायचा. कागदावर नीट उतरला नाही तर ती जात जगाच्या लेखी नसतेच.

उतरवायला सूक्ष्मदर्शकाला बाजूने एक नळी जोडलेली असते, आत आरसा. डोळा लावला की किडा दिसतो, आणि त्याच्यावरच, धुरकट, शेजारच्या कागदावरचा आपला हात आणि पेन्सिलचं टोक. हाताने फक्त किड्याच्या रेषेवरून चालायचं. माझं सगळं आयुष्य असं चालण्यात गेलं. विद्यार्थिदशेत बोटाला घट्टा पडायचा म्हणून मी मधल्या बोटाला पांढरी कापडी पट्टी गुंडाळायचे. पुढे काचपट्ट्या वाळवायच्या तव्यावर उजवा हात भाजला. त्याचा गुळगुळीत डाग मनगटापासून करंगळीपर्यंत आहे, नळीतूनसुद्धा दिसतो.

चित्रं मी काढायची आणि जाती डॉ. हार्लन टीग यांच्या व्हायच्या. आमच्यात रिवाज असा, की जो जातीचं पहिलं वर्णन छापतो त्याचं आडनाव त्या नावाच्या शेपटाला कायमचं लागतं. गुहेतल्या किती जातींच्या मागे 'टीग' लागलंय ते मोजायला बसले की माझं डोकं उठतं. माझं नाव शेवटच्या ओळीत, आभारांत. चित्र पसंत पडलं की टीग माझ्या उजव्या हाताला बसून डाव्या हाताचा अंगठा कागदाच्या कडेवर टेकवायचे आणि बोटातल्या अंगठीने टेबलावर दोनदा टकटक करायचे. तोंडाने शाबासकी देणं त्यांच्या जिवावर यायचं. फेब्रुवारीत ते गेले. दफनाला मी उभी होते, रडूही आलं. खोटं कशाला बोलू, हलकंही वाटलं.

एप्रिलमध्ये ड्युई प्रुइट क्लॅबर क्रीकच्या गुहेतून बरणी घेऊन आला. ड्युई रस्तेखात्यातून निवृत्त झालेला, गुहांत सरपटण्याचं वेड असलेला माझा जुना मित्र. बरणी टेबलावर ठेवत म्हणाला, "घे बाई, तुझं पांढरं पीठ. यासाठी माझी पँट फाटली, आणि कुठे फाटली ते विचारू नकोस."

"विचारत नाहीये."

"विचारलंस तरी चालेल."

त्यातले पाच मी काचपट्ट्यांवर लावले, बाकी जिवंत ठेवले. ते टीगच्या जुन्या एका जातीसारखेच होते, फक्त एक गोष्ट वेगळी. टीगच्या किड्याला पोटाच्या तिसऱ्या खंडावर, बरोबर मधोमध, एक लांब केस आहे. या पाचांपैकी एकालाही नव्हता. तिथे केसाचं भोकसुद्धा नव्हतं, नुसती गुळगुळीत त्वचा. मी ड्युईला बोलावून दाखवलं.

"काय बघू?"

"मधे केस नाही ना?"

"नाही. टक्कल आहे. माझ्यासारखं."

नवी जात. आणि तिच्या शेपटाला 'केसिंजर'. लोरेटा केसिंजर, म्हणजे मी. त्या दिवशी मी पहिल्या किड्याचं चित्र पुरं केलं आणि तळघरात एकटीच मोठ्याने हसले.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी हीटर लावला, कॉफी ओतली, चित्र हातात घेतलं. तिसऱ्या खंडावर मधोमध केस होता.

रेष माझीच होती. मुळाशी जरा दाबलेली, टोकाला उचललेली. मी तशीच ओढते, आणि या धंद्यात माझी रेष कोणीही ओळखेल. मी कॉफी खाली ठेवली आणि स्वतःशी वाद घातला. काल आनंदात होतीस. टीगच्या किड्याचं चित्र तू इतक्यांदा गिरवलंयस की हाताला सवय झालीय. सवयीने ओढला केस, झालं. खोडून टाक. मी खोडला. मग खात्रीसाठी काचपट्टी लावून डोळा टेकवला.

केस होता. किड्याच्या पाठीवर, मधोमध, लांब, टोकाला किंचित वाकलेला.

यालाही कारण असतं. किडा ज्या डिंकासारख्या द्रवात निजवतात तो मुरायला वेळ लागतो. अंगाला चिकटलेला केस दुसऱ्या दिवशी मोकळा होऊन वर येतो. मी नवशिक्यांना हेच सांगत आले आहे. म्हणजे काल माझीच चूक झाली असेल. पण केस चिकटला तरी त्याचं भोक लपत नाही, आणि काल भोक नव्हतं. मी बाकीच्या चार काचपट्ट्या एकामागून एक पाहिल्या. चारही कोऱ्या. बरं, एक नमुना वेडावाकडा निघतो कधी कधी, म्हटलं. चार पुरेत. माझ्या पाठीला मात्र घाम सुटला होता, आणि तळघरात तेव्हा हीटरही पुरता तापला नव्हता.

३

त्या आठवड्यात इमोजीन आली. टीगची बायको. घरी भाजलेली गूजबेरीची पेस्ट्री आणि एक खोकं घेऊन. खोक्यात टीगचा कॉफीचा मग, चष्मा, कानटोपी.

"इथेच राहू दे गं या वस्तू," ती म्हणाली. "घरात बघवत नाहीत. आणि त्याचं खरं घर तर हेच होतं."

त्यातला कडवटपणा मला कळला. घरी तिने एकटीने जेवणं गार होऊ दिली, इथे मी एकटीने चित्रं काढली. आम्ही दोघी एकाच माणसाच्या पायरीवर बसून म्हाताऱ्या झालो, पण मैत्री काही झाली नाही.

"नवीन काय चाललंय?" तिने विचारलं.

"एक नवी जात मिळालीय. क्लॅबर क्रीकची."

"अगं बाई. हार्लन किती खूश झाला असता. त्याचं काम तू पुढे नेतेयस."

"हे माझं काम आहे, इमोजीन."

"हो हो, तेच म्हणतेय मी." तिने पेस्ट्री कापायला सुरी शोधली. "शेवटी शेवटी इस्पितळात तुझंच नाव काढायचा. म्हणजे तुझं नव्हे, तुझ्या हातांचं. म्हणायचा, लोरेटाचे हात माझेच आहेत. ते आहेत तोवर मी कुठे जात नाही."

"असं म्हणाले?"

"तुला म्हणून सांगितलं. चांगलंच म्हणाला की गं." तिने माझ्यापुढे एक तुकडा सरकवला. "खा. साखर कमी पडलीय."

साखर खरंच कमी होती. मी दोन घास खाल्ले. ती गेल्यावर खोकं उचलून कपाटांमागच्या खोलीत टीगच्या जुन्या टेबलावर ठेवलं आणि दार लावून घेतलं. त्या दाराला कडी आहे, ती मी कधी लावत नसे. त्या दिवशी लावली.

४

दुसऱ्या काचपट्टीचं चित्र मी सकाळच्या ताज्या डोळ्यांनी घेतलं. नळीत किडा, त्यावर माझा धुरकट हात. डोक्यापासून सुरुवात केली, छातीचे खंड उतरवले, पोटाचा पहिला, दुसरा. हात छान चालत होता. जरा जास्तच छान चालत होता. मान दुखली म्हणून मी पेन्सिल ठेवली, हात मांडीवर घेतला आणि डोळा तसाच नळीला राहू दिला.

किड्यावर हात होता. काढत होता.

मी हलले नाही. विचार केला, आरशात काहीतरी उरलंय, डोळ्यांत उरलंय. उजेडाकडे बघून डोळे मिटले तरी दिवा दिसतोच की. मी चाचपडत कागदावरचा दिवा बंद केला. तो बंद केला की नळीत हात दिसायला नको, कारण हाताला उजेड तिथूनच मिळतो. हात दिसत राहिला. पेन्सिल तिसऱ्या खंडाकडे येत होती. आणि शिशाची कागदावर घासण्याची बारीक खरखर माझ्या उजव्या कानाशी ऐकू येत होती.

त्या हातावर भाजल्याचा डाग नव्हता. म्हणजे माझा नाही. मला एकदम टीग आठवले. मी डोकं वर केलं. शेजारी कागद होता, पेन्सिल मी ठेवली तिथेच होती. कागदावर तिसरा खंड पुरा झालेला, मधोमध केस.

मी ड्युईला फोन केला. तो आला तेव्हा त्याच्या मिशांना डोनटची साखर लागलेली होती.

"बघ," मी म्हटलं. "आणि मी काही सांगणार नाही. तूच सांग काय दिसतं."

त्याने खूप वेळ डोळा लावला. "किडा दिसतो."

"पाठीवर?"

"केस. मधे एक मोठा, सुईसारखा."

"हात दिसतो?"

"कुणाचा?" त्याने मान वर केली. "लोरेटा, तू घरी जा. जरा ऊन खा."

"गेल्या वेळी तू म्हणालास टक्कल आहे."

"तू विचारलंस, केस नाही ना. मी म्हटलं, नाही. मला काय कळतंय त्यातलं? तू दाखवशील ते दिसतं मला." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "तू टीगजवळ आयुष्यभर राबलीस. आता तो गेलाय. एका केसासाठी जीव काढू नकोस."

ड्युईवर मला राग आला नाही. 'तू दाखवशील ते दिसतं,' हे त्याचं सहज वाक्य मात्र डोक्यात राहिलं. टीगच्या किड्याचा नमुना जगात एकच होता. ती गुहा आता धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि त्या काचपट्टीवरचा द्रव स्फटिकून पांढरा झाला आहे. आत किडा आहे की नाही हेही दिसत नाही. जगात उरलंय ते माझं चित्र. ते मी काढत होते तेव्हा टीग उजवीकडे बसलेले होते. 'मधे केस आहे,' ते म्हणाले. मला दिसत नव्हता. 'नीट बघ,' म्हणाले. मी नीट बघितलं, आणि दिसला.

५

मग मी काचपट्ट्या कुलपात ठेवल्या. किल्ली गळ्यात घातली. तरी रोज एक काचपट्टी हातची निसटत होती. तिसरीवर केस, चौथीवर केस. मी चित्र काढायचं बंद केलं तरी चित्रं होत होती, आणि चित्र झालं की किडा तसा व्हायचा. उरली पाचवी. पाचवीवर माझं नाव टांगलेलं होतं. एक कोरा नमुना आणि त्याचं एक खरं चित्र मिळालं, तर छापायला तेवढं पुरे होतं. मी ठरवलं, हिला एका बैठकीत संपवायचं, मधे हात थांबवायचा नाही, डोळा काढायचा नाही.

दुपार होती. वर शाळेची सहल आली होती, पोरांचे पाय छतावर धडधडत होते. त्या आवाजाने मला धीर आला. मी काचपट्टी लावली. तिसरा खंड स्वच्छ, गुळगुळीत. मी आधी तोच काढायला घेतला. कडेचे केस उतरवले. मधली जागा मोकळी सोडली. इतकी सुंदर मोकळी जागा मी आयुष्यात काढली नव्हती.

तेवढ्यात दुसरा हात नळीत आला. माझ्या हाताच्या आतूनच आला म्हणावं लागेल, कारण दोन्ही धुरकट, एकावर एक. माझ्या हातावर डाग होता. तो थांबलेला होता. दुसरा पुढे सरकला. मी टेबलावर डाव्या हाताने माझं उजवं मनगट गच्च धरलं. मनगट गार होतं आणि हलत नव्हतं. नळीतला हात हलत होता.

मी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. तो टीगचा नव्हता. टीगचे हात कापायचे, त्यांना एक सरळ रेषही येत नसे. हा हात तरुण होता. बाईचा होता. नखं बारीक कापलेली. मधल्या बोटाला पांढरी कापडी पट्टी गुंडाळलेली, कडेला शिशाने काळी पडलेली.

तो मन लावून काम करत होता. किती मन लावून, ते मला सांगता येणार नाही. कोणीतरी शेजारून सांगतंय आणि आपल्याला पसंतीला उतरायचंय, असा. पेन्सिलचं टोक मोकळ्या जागेवर टेकलं, आणि त्याखाली किड्याच्या त्वचेवर आधी भोक उमटलं, मग त्यातून केस वर आला, सावकाश, टोकाला किंचित वाकत.

"नको गं," मी म्हटलं. मला वाटतं मी तिला मोठ्याने म्हटलं. "थांब. तो तुला काही देणार नाही."

हाताने पेन्सिल ठेवली. कागद अलगद फिरवून उजवीकडे केला, बसलेल्या माणसाला दिसावा म्हणून. मी असाच फिरवायचे. कागदाच्या कडेवर एक अंगठा आला. जाड, पिवळट, नखावर उभी चीर. बाकी काही दिसलं नाही, आरशात तेवढंच मावलं.

वरच्या पोरांचे पाय थांबले होते. माझ्या उजव्या कोपराशी, टेबलावर, अंगठीची दोनदा टकटक झाली.

आणि त्या पट्टीवाल्या हाताची बोटं आनंदाने जराशी मिटली. ते बघून मला भीती वाटली नाही, शिसारी आली. कारण तो आनंद मला ओळखीचा होता.

६

मी एक छोटं टिपण छापलं. क्लॅबर क्रीकचे किडे तपासले, ते टीगच्याच जातीचे निघाले, एवढंच. सोबत पाच चित्रं. सगळ्यांनी वाखाणली. इमोजीनने फोन केला, म्हणाली, "बघ, तो अजून आहे." मी म्हटलं, हो, आहे.

ड्युईला मात्र पटलं नाही. "मग माझी पँट फुकट फाटली म्हणायची," तो म्हणाला, आणि खालच्या कप्प्यातल्या बरणीकडे बघितलं. "हे जिवंत राहिलेत ना? यांतला एखादा लाव की परत. सहाव्याला नसेल केस."

"नाही लावणार."

"का?"

मी बरणी उचलून आत ठेवली. ती आता थंड कपाटात आहे. प्लास्टर आणि कोळशाच्या ओल्या थरावर ते पांढरे ठिपके फिरतात, पिल्लंही झाली आहेत. आठवड्यातून एकदा मी चिमूटभर यीस्ट टाकते आणि झाकण लावते. भिंगाने बघत नाही. त्यांच्या पाठीवर मधे काही नाही, हे मला माहीत आहे, आणि बघितलं की केस असेल. बरणीवर मी नाव लिहिलेलं नाही. नाव नसलेली, कोणाची नसलेली अशी ती जात आहे, आणि ती तशी आहे हे मला एकटीला ठाऊक आहे. माझ्या वाट्याला एवढंच आलं, आणि तेही तोंड बंद ठेवलं तर.

सूक्ष्मदर्शकाची नळी मी काढून ठेवली आहे. आता लेबलं लिहिते, धूळ पुसते, नव्या पोरांना द्रव कसा मुरतो ते सांगते. कधी दुपारी कपाटांमागच्या कडी लावलेल्या खोलीत टेबलावर दोनदा टकटक होते. मी डोकं वर करत नाही. पण माझा उजवा हात कॉफीचा मग खाली ठेवतो. त्याची तीन बोटं पेन्सिल धरल्यासारखी जुळतात. मग मी तो हात मांडीखाली घेते आणि त्याच्यावर बसून राहते, तो शांत होईपर्यंत.